दुकानातल्या बिनतारी लहरी आणि शेजाऱ्याचा हक्क

संध्याकाळी सहा ते नऊ ही आपल्या धंद्याची खरी वेळ. नेमके त्याच वेळी कार्डाचे मशीन गोल गोल फिरत राहते, बिलाचा प्रिंटर अडकतो, कॅमेऱ्याचे चित्र थिजते आणि गल्ल्यासमोर चार गिऱ्हाइके उभी राहतात. त्यातले एखादे पिशवी तशीच ठेवून निघून जाते. सकाळी अकराला मात्र हीच यंत्रे ठणठणीत चालतात. दुरुस्तीवाला येतो तो दुपारी; "सब ठीक है" म्हणतो आणि फेरीचे पैसे घेऊन जातो.

आपण दोष नेटला देतो. कित्येकदा तो नेटचा असतोही. पण पुष्कळ ठिकाणी दुखणे वेगळे असते. संध्याकाळी बाजारातली सगळी यंत्रे एकदम बोलू लागतात आणि हवेत त्यांना बोलायला जी जागा आहे ती पुरत नाही. बीडच्या सुभाष रोडवर, बशीरगंजात, अंबाजोगाई किंवा माजलगावच्या बाजारपेठेत आज दुकानागणिक एक राउटर आहे. पूर्वी अतिक्रमणाची तकरार ओट्यावरून होत असे, आता ती हवेतही आहे, फक्त दिसत नाही. म्हणून या खेपेला हा विषय घेतला आहे.

हवेतला तागा

रेडिओ, मोबाइल, वाय-फाय, ब्लूटूथ, पोलिसांचे वायरलेस, विमानांचे संदेश ही सगळी एकाच जातीच्या लहरींवर चालतात. फरक फक्त लहर एका सेकंदात किती वेळा हेलकावते याचा. आकाशवाणीचे बीड केंद्र १०२.९ मेगाहर्ट्झवर लागते, म्हणजे ती लहर सेकंदाला १० कोटी २९ लाख वेळा हेलकावते. आपल्या दुकानातला साधा राउटर २४०० मेगाहर्ट्झच्या आसपास बोलतो. एकाच जागी, एकाच वेळी, एकाच आकड्यावर दोघे बोलले तर ऐकणाऱ्याला दोघांचेही धड कळत नाही. यालाच लहरींची बाधा म्हणतात.

कापडाच्या भाषेत सांगायचे तर हा एक लांबच लांब तागा आहे. त्यातून प्रत्येकाला तुकडा फाडून द्यायचा आहे, आणि नवीन विणता येत नाही. एक गोष्ट मात्र कापडात होत नाही ती इथे होते. तोच तुकडा दूरच्या गावात दुसऱ्याला पुन्हा वापरता येतो. अंतर दुप्पट झाले की मोकळ्या हवेत लहरीचा जोर चौथाई उरतो, चौपट झाले की सोळावा हिस्सा. त्यामुळे बीडचा आकडा शेकडो कोसांवरच्या एखाद्या केंद्राला दिला तरी कोणाचे नुकसान होत नाही. वाटणीची सगळी विद्या या दोन गोष्टींवर उभी आहे : आकडा वेगळा ठेवा, नाहीतर अंतर ठेवा. तिसरा मार्ग वेळेचा, म्हणजे एक बोलेल तेव्हा दुसऱ्याने गप्प बसावे. चौथा म्हणजे गरजेपेक्षा मोठ्याने बोलू नये. पाचवा मार्ग मला तरी माहीत नाही.

तागा फाडून देण्याचे काम जगात आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ करतो आणि भारतात दूरसंचार खात्याची १९५२ साली स्थापन झालेली वायरलेस नियोजन शाखा. १८८५ चा तार कायदा आणि १९३३ चा बिनतारी कायदा या दोन जुन्या कायद्यांची जागा घेण्यासाठी २०२३ चा दूरसंचार कायदा आला असून तो २०२४ पासून टप्प्याटप्प्याने लागू होत आहे. पण मालकी कोणाची? ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणाच्या खटल्यात, न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या खंडपीठापुढे, याचे उत्तर दिले : हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. सरकार तिचे राखणदार, मालक नव्हे. मोबाइल कंपन्या लिलावात कोट्यवधी रुपये भरून घेतात तो तुकडा वापरण्याचा मुदतीचा परवाना असतो, खरेदीखत नसते.

गाळा आणि आठवडी बाजार

आता आपल्या कामाचा भाग. मोबाइल कंपनीचा तुकडा म्हणजे भाड्याने घेतलेला गाळा. तिथे दुसरा कोणी पथारी पसरू लागला तर कंपनी तक्रार करू शकते आणि सरकारला त्याला उठवावे लागते. वाय-फायचा तुकडा मात्र आठवडी बाजाराच्या मैदानासारखा आहे. जानेवारी २००५ मधील अधिसूचनेने २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ हा पट्टा ठराविक ताकदीपर्यंत, म्हणजे यंत्राचे उत्सर्जन जास्तीत जास्त १ वॅट, विनापरवाना खुला झाला. कोणाची इजाजत नको, फी नको. अट एवढीच : दुसऱ्या परवानाधारकाला बाधा करायची नाही, स्वतःला बाधा झाली तर संरक्षण मागायचे नाही, आणि जागा सर्वांनी वाटून वापरायची.

मधली अट नीट वाचावी. शेजाऱ्याच्या राउटरमुळे माझे मशीन अडकते अशी तक्रार मी कोणत्याही दफ्तरात नेली तरी तिथे माझा हक्क उभा राहत नाही. मुफ्त मैदानाची ती किंमत आहे. तिथली शिस्त ठरवायची तर बसणाऱ्यांनीच.

या मैदानात जागा आहे तरी किती? राउटरच्या सेटिंगमध्ये १ ते १३ चॅनेल दिसतात. ते पाहून वाटते की तेरा दुकाने आरामात बसतील. हा मोठा गैरसमज आहे. चॅनेल १ चा मध्य २४१२ वर आहे आणि पुढचा प्रत्येक चॅनेल फक्त ५ मेगाहर्ट्झने सरकतो. पण राउटरच्या आवाजाचा पन्हा किमान २० मेगाहर्ट्झ असतो. पाच फुटांवर खुणा केलेल्या आहेत आणि प्रत्येक हातगाडी वीस फुटांची आहे, असा हिसाब झाला. एकमेकांना न घासता बसतील अशा जागा तीनच निघतात : १, ६ आणि ११. तेराच्या तेरा खुणांवर गाड्या लावल्या तर सगळ्यांचीच चाके अडकतील.

इथे एक गोष्ट उलटी वाटते, पण ती समजून घेतल्याशिवाय इलाज होत नाही. शेजारी ६ वर आहे म्हणून पुष्कळ जण स्वतःचा राउटर ४ वर किंवा ८ वर नेतात. जरा बाजूला सरकलो, म्हणतात. त्यापेक्षा सरळ ६ वर बसलेले बरे. वाय-फायच्या यंत्राला शिस्त शिकवलेली असते. बोलण्याआधी ते कान लावते, त्याच चॅनेलवर कोणी बोलत असेल तर थांबते, आणि मग थोडा वेळ सोडून, प्रत्येकाने वेगवेगळा, पुन्हा प्रयत्न करते. एकाच चॅनेलवरचे दोघे पाळीपाळीने बोलतात. काम हळू होते, पण होते. अर्धवट सरकलेल्याचे शब्द मात्र शेजाऱ्याला शब्द म्हणून ऐकूच येत नाहीत, नुसता गोंगाट ऐकू येतो. गोंगाटाशी पाळी कशी लावणार? मग दोघांचेही बोलणे बिघडते आणि दोघेही तेच तेच पुन्हा बोलत बसतात. म्हणजे मैदान आणखी भरते.

आमच्या कापडाच्या ओळीत नऊ दुकाने आणि सात राउटर आहेत. एका संध्याकाळी मोबाइलमधल्या मुफ्त मिळणाऱ्या मापनाच्या अॅपवर पाहिले तर सात जण पाच वेगवेगळ्या चॅनेलवर, बहुतेक मधल्या खुणांवर बसलेले. १, ६, ११ अशी ओळीने वाटणी करू असे ठरले. भांडेवाले चाचा ऐकेनात. "पैसे मैं भरतूँ, तो चैनल मैं कायकू बदलूँ?" बेकरीवाल्या पोराने जवाब दिला, "चाचा, पैसे वायर के दिए, हवा के नै." चाचा हसले आणि बदलायला तयार झाले. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच सांगितले की कॅमेरा अडकायचा थांबला. सगळे दुखणे गेले असे नाही. बेकरीतला मायक्रोवेव्ह चालू झाला की जवळची दोन दुकाने अजून वैतागतात, कारण ती भट्टीही २४५० मेगाहर्ट्झच्या आसपासच चालते आणि तिच्या दारातून थोडे झिरपतेच. त्या दोघांनी आता ५ गिगाहर्ट्झचा राउटर घेतला आहे.

ब्लूटूथचा बिल प्रिंटर आणि कानातले यंत्र याच मैदानात असतात, पण त्यांची चाल वेगळी. ते पट्ट्याचे एकेक मेगाहर्ट्झचे ७९ तुकडे धरतात आणि सेकंदाला १६०० वेळा उड्या मारत बोलतात. फेरीवाल्याने एका जागी न बसता सारखे फिरत राहावे तसे. २००३ नंतरच्या ब्लूटूथला तर गर्दीच्या जागा ओळखून टाळण्याचीही अक्कल आहे. त्यामुळे त्याचा उपद्रव थोडा असतो.

खोडदचे मौन

आपल्याला एक मशीन चालवायचे आहे. पण ज्यांचा सगळा धंदाच बारीकात बारीक आवाज ऐकण्याचा आहे, त्यांनी या गर्दीतून वाट कशी काढली ते पाहण्यासारखे आहे, आणि ते आपल्या रस्त्यावरच आहे. बीडहून भिवंडीला माल आणायला जाताना नगर, आळेफाटा, माळशेज घाट हा रस्ता अनेकांच्या पायाखालचा आहे. आळेफाट्यावरून नारायणगावच्या बाजूला वळले की शेतांत जाळीच्या प्रचंड तबकड्या दिसतात. जुन्नर तालुक्यातल्या खोडद गावची ही महाकाय मीटरतरंग दुर्बीण, म्हणजे जीएमआरटी. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. १४ मध्यभागी आणि १६ तीन दिशांना, सुमारे २५ किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांच्या पुढाकाराने ती १९९० च्या दशकात उभी राहिली.

ही दुर्बीण डोळ्याने पाहत नाही, रेडिओसारखी ऐकते. ताऱ्यांचा आवाज किती बारीक असतो? आपला एक जुना मोबाइल चंद्रावर ठेवून चालू केला तर या दुर्बिणीला तो आकाशातल्या सर्वांत तेजस्वी ठिकाणांपैकी एक वाटेल, इतका. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपचे स्कियापारेली यान मंगळावर उतरत असताना त्याचा काही वॅटचा आवाज, ४०१ मेगाहर्ट्झच्या आसपास, सतरा कोटी किलोमीटरहून अधिक अंतरावरून खोडदला ऐकू आला. एवढा नाजूक कान असेल तर शेजारच्या वस्तीत ठिणगी उडाली तरी त्याला ती डरकाळी वाटणार.

जागा निवडतानाच शांतता पाहिली होती : मोठ्या शहरांपासून लांब, आजूबाजूला डोंगरांचा आडोसा. पण ३१ जुलै १९९५ ला देशात मोबाइल आला आणि पुढे गावोगाव टॉवर उभे राहिले. खोडदच्या लोकांनी दोन रस्ते धरले. एक म्हणजे स्वतः सरकणे. सुधारलेल्या दुर्बिणीचे ऐकण्याचे पट्टे पाहिले तर एक ८५० मेगाहर्ट्झला संपतो आणि पुढचा १००० ला सुरू होतो. मधली जागा सोडली आहे, कारण ९०० च्या आसपास मोबाइलचा बाजार भरतो. त्याच्याशी भांडण्यात अर्थ नव्हता. दुसरा रस्ता म्हणजे आपल्या घरातला शोर आधी बंद करणे. संगणक आणि यंत्रे लहर बाहेर पडू न देणाऱ्या बंदिस्त खोलीत ठेवली. तबकड्यांपासून मध्यापर्यंत संदेश हवेतून नव्हे, काचेच्या तारेतून आणले. भेटीला येणाऱ्याला मोबाइल बंद करायला सांगतात. मगच शेजाऱ्याकडे जायचे. विजेच्या खांबावर सैल तार ठिणग्या उडवत असेल तर त्यांची माणसे ती जागा शोधून काढतात आणि वीज खात्याकडून दुरुस्त करवून घेतात. यात खेड्याचाही फायदा असतो, कारण ठिणगी उडते तिथे तार आज ना उद्या तुटते.

या शांततेची किंमत परिसरालाही पडते, हे लपवण्यात अर्थ नाही. पुणे-नाशिक रेल्वेचा नारायणगावजवळून आखलेला मार्ग दुर्बिणीला बाधा होईल या कारणाने तसाच पुढे जाऊ शकला नाही आणि वेगळ्या मार्गाचा विचार सुरू झाला. विजेच्या गाडीचा वरच्या तारेशी घासणारा हात सतत ठिणग्या टाकतो. तिथल्या शेतकऱ्याची आणि व्यापाऱ्याची नाराजी मला समजते; टोमॅटोचा एवढा मोठा बाजार आणि स्टेशन नाही. पण उलट बाजूही खरी आहे. रेल्वेला दुसरी वाट काढता येते, ती दुर्बीण मात्र उचलून नेता येत नाही. वाटणीत नेहमी असेच असते, कोणीतरी थोडा वळसा घेतो.

कारागिरांच्या कामाचे

ठिणगीची गोष्ट वेल्डिंग, मोटार रिवाइंडिंग आणि शिलाईच्या कारखान्यांनाही लागू आहे. ठिणगीला आकडा नसतो, ती तागाभर डाग पाडते. झिजलेले ब्रश असलेली मोटार, सैल न्यूट्रल, हलक्या प्रतीचे एलईडी दिवे आणि चार्जर हे मुख्यतः रेडिओच्या खालच्या पट्ट्यांत शोर करतात. शोधण्याचा सस्ता उपाय म्हणजे मिडियम वेव्ह असलेला छोटा ट्रान्झिस्टर. केंद्र लागत नाही अशा जागी काटा ठेवून कारखान्यात फिरावे. जिथे खरखर वाढते तिथे एकेक स्विच बंद करून पाहावे. चोर सापडतो, आणि बऱ्याचदा तो चोर म्हणजे आग लागण्याच्या बेतातला एखादा जोड असतो.

मंडप-माइकवाल्यांनी लक्षात ठेवावे की कॉर्डलेस माइकच्या एफएम पद्धतीत एका आकड्यावर दोन माइक चालू झाले तर दोन्ही थोडे थोडे ऐकू येत नाहीत. जो जोरदार तो दुसऱ्याला पार गिळतो. दोन शादीखाने शेजारी असतील तर आधी फोन करून आकडे वाटून घ्यावेत. वॉकी-टॉकी घेताना ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झचा विनापरवाना नमुना आहे आणि त्यावर मंजुरीचा उल्लेख आहे हे पाहावे. बाकीच्या आकड्यांवर पोलीस किंवा इतर सेवा असू शकतात. ऑनलाइन बाजारात असा माल सर्रास विकला जाऊ लागल्यामुळेच २०२५ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने त्याच्या विक्रीवर नियम आणले.

एक गोष्ट मात्र मी कडक शब्दांत सांगतो. दुकानात मोबाइलची रेंज नाही म्हणून बाजारातून आणलेला बूस्टर लावू नये. दूरसंचार खात्याने २०२२ मध्ये जाहीर सूचना देऊन स्पष्ट केले आहे की मोबाइल कंपनीखेरीज कोणी बूस्टर किंवा रिपीटर बाळगणे व वापरणे बेकायदा आहे. कारणही सरळ आहे. टॉवर हा दूरच्या फोनचा बारीक आवाज ऐकत असतो. बूस्टर त्याच्या कानाशी ओरडतो. स्वतःचाच आवाज परत घेऊन तो शिट्टी मारू लागला, जशी लाउडस्पीकरसमोर माइक धरल्यावर वाजते, तर मोहल्ल्यातले सगळे फोन मुके होतात. आपल्या एका काडीच्या बदल्यात दवाखान्यात फोन लावणाऱ्या माणसाचा फोन लागत नाही. हा मोकळ्या मैदानातला प्रकार नव्हे, दुसऱ्याच्या गाळ्यातला आहे, आणि शोधायला सरकारी मापन पथके येऊ शकतात. रेंज नसेल तर मोबाइल कंपनीकडे लेखी तक्रार करावी, किंवा फोनमध्ये वाय-फायवरून बोलण्याची सोय असते ती चालू करावी.

दुकानाच्या इलाजाचा क्रम असा ठेवावा. आधी राउटरला तारेने संगणक जोडून पाहा. तारेवरही नेट हळू असेल तर दोष लाइनीचा आहे, चॅनेल बदलून काही होणार नाही. पैसे आल्याची हाक देणारा छोटा डबा बहुधा आपल्या सिमकार्डावर चालतो, त्याचाही वाय-फायशी संबंध नसतो. जे यंत्र जागचे हलत नाही, जसे बिलाचा संगणक, कॅमेऱ्याचा डबा, ते तारेने जोडा; मैदानातली गर्दी तेवढी कमी झाली. राउटर लोखंडी कपाटामागून काढून उंच, मध्यावर ठेवा. कापडाचे कोरडे तागे लहरींना फारसे अडवत नाहीत, लोखंडी रॅक आणि पत्र्याचे शटर अडवतात. रंगाऱ्याकडे ओले कापड टांगलेले असेल तर तेही अडवते. संगणकाच्या निळ्या यूएसबी खाचेत हार्डडिस्क आणि तिला चिकटून वाय-फायची काडी लावू नका, त्या खाचेचा शोर नेमका २४०० च्या पट्ट्यात पडतो.

मग सेटिंग. चॅनेलची रुंदी ४० असेल तर २० करा. ४० ठेवणारा माणूस तीन जागांपैकी दोन एकटा अडवतो. चॅनेल १, ६, ११ पैकी. ताकद पूर्ण असेल तर एक पायरी कमी करून पाहा, आपल्या दुकानाच्या दारापर्यंत पोहोचली की पुरे. नवे यंत्र घेताना ५ गिगाहर्ट्झ चालेल असे घ्या. ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेने तिथे एकूण ६०५ मेगाहर्ट्झ मोकळे झाले, म्हणजे जुन्या मैदानाच्या सातपट. ती लहर भिंतीतून कमी जाते. बाजारात हा दोष नसून गुणच आहे. त्या पट्ट्याच्या काही भागात रडार चालतात. तिथे राउटर रडारचा आवाज ऐकताच जागा सोडून दुसरीकडे जातो आणि मिनिटभर गप्प बसतो. तेव्हा घाबरून बंद-चालू करू नये.

वाटणी एकदा केली म्हणजे कायमची झाली असे नाही. रमजान आणि दिवाळीच्या आधी नवी दुकाने लागतात, नवे राउटर येतात, आणि वीज जाऊन आली की काही राउटर आपल्या मनाने चॅनेल बदलतात. ओळीतल्या एका हुशार पोराकडे हे काम द्यावे आणि सातही राउटरचे चॅनेल एका कागदावर लिहून ठेवावेत. मोजणी संध्याकाळी सातला, सगळे दिवे आणि यंत्रे चालू असताना करावी. सकाळी केलेली उपयोगाची नाही.